हॉटेलसमोर युनियनचं पिकेटिंग सुरू झालंय, कायद्याने त्यांना कुठवर अडवता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत प्रश्न विचारणाऱ्याचं हॉटेल आहे, रूम्सचं रिनोव्हेशन चालू आहे, ड्रायवॉलचं (आतल्या भिंतींना जिप्सम बोर्ड लावायचं) काम एका नॉन-युनियन कॉन्ट्रॅक्टरला दिलंय, आणि आता सुतारांच्या युनियनची माणसं सकाळपासून पाट्या घेऊन हॉटेलच्या मेन एंट्रन्ससमोर फेऱ्या मारतायत, बाजूला निषेधाचं चिन्ह म्हणून हवा भरून फुगवलेली एक भलीमोठी घूस उभी केलीय. हॉटेलच्या स्वतःच्या स्टाफपैकी कुणीही कुठल्या युनियनमध्ये नाही. विचारलंय की भांडण कॉन्ट्रॅक्टरशी आहे तर आमच्या दारात हे कायदेशीर कसं, पोलीस बोलवू का, कोर्टातून स्टे मिळेल का.

मी बरीच वर्षं इथे लेबर लॉचंच काम करतोय, आधी युनियनच्या बाजूने केलं, आता बहुतेक मालकांच्या बाजूने, त्यामुळे दोन्हीकडची गणितं माहीत आहेत. पहिलं काम सांगतो: फोन खाली ठेवा, बाहेर जा आणि पाटीवर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द उतरवून घ्या. कुणाचं नाव आहे, कॉन्ट्रॅक्टरचं की तुमच्या हॉटेलचं? काय म्हणणं आहे, "पगार कमी देतो" की "युनियनला मान्यता द्या" की नुसतंच "अनफेअर"? माणसं नक्की कुठल्या दारापाशी आहेत, किती वाजता आली, त्या वेळी ड्रायवॉलवाले आत काम करत होते का? या चार-पाच गोष्टींवर तुमची अख्खी केस उभी राहते किंवा बसते, आणि गंमत म्हणजे लोक वकिलाला फोन करतात तेव्हा घुशीचं वर्णन अगदी तपशीलवार करतात आणि पाटीवरचा मजकूर विचारला की "काहीतरी लिहिलंय बघा" म्हणतात.

आता कायदा. पिकेटिंग हे थोडं बोलणं आणि थोडं दबाव टाकणं असं मिश्रण आहे, आणि कोर्टांना शंभर वर्षं तेच झेपत नाहीये. १९२१ मध्ये चीफ जस्टिस टाफ्ट यांनी अमेरिकन स्टील फाउंड्रीजच्या केसमध्ये सांगितलं होतं की कारखान्याच्या प्रत्येक दारावर युनियनचा एकच माणूस उभा राहील, बस. मग १९४० ला थॉर्नहिलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने शांततेत केलेलं पिकेटिंग हे भाषणस्वातंत्र्यात धरलं आणि सगळ्यांना वाटलं की झालं, आता कुणी हात लावू शकत नाही. पण १९५७ पर्यंत व्होग्टच्या केसमध्ये कोर्ट बरंच मागे आलं, म्हणजे हेतू बेकायदा असेल तर शांत पिकेटिंगलाही बंदी घालता येते. मधल्या काळात १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्टने कामगारांना एकत्र येऊन कृती करायचा हक्क दिला आणि १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने युनियनवर मर्यादा घातल्या. हा टाफ्ट म्हणजे त्या चीफ जस्टिसचाच मुलगा, सेनेटर रॉबर्ट टाफ्ट. बापलेकांनी मिळून पिकेट लाइनवर बरंच काम करून ठेवलंय.

तुमच्या कामाचा मुद्दा टाफ्ट-हार्टलीतलं सेक्शन ८(बी)(४). ज्याच्याशी भांडण आहे तो प्रायमरी, आणि ज्याचा भांडणाशी संबंध नाही पण धंद्याचा संबंध आहे तो न्यूट्रल. युनियनने न्यूट्रलवर दबाव टाकून "त्याच्याशी धंदा तोड" असं करायला लावणं म्हणजे सेकंडरी बॉयकॉट, आणि तो बेकायदा आहे. तुम्ही न्यूट्रल, ड्रायवॉलवाला प्रायमरी. बांधकामाच्या साइटवर तुम्ही एकमेकांना खेटून काम करता म्हणून तुम्ही एकच पार्टी होत नाही, हे १९५१ मध्ये डेन्व्हर बिल्डिंग ट्रेड्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. तिथे नॉन-युनियन इलेक्ट्रिकल सबकॉन्ट्रॅक्टरला हाकलावं म्हणून जनरल कॉन्ट्रॅक्टरवर दबाव आणण्यासाठी पिकेटिंग केलं होतं, ते बेकायदा ठरलं.

मग युनियन तुमच्या दारात कशी? तर प्रायमरी तुमच्याच आवारात काम करतोय, त्याच्याशी भांडायचं तर त्यांना तिथेच यावं लागणार. हा पेच बोर्डाने (नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्ड, म्हणजे हा कायदा राबवणारी सरकारी संस्था) १९५० मध्ये मूर ड्राय डॉकच्या केसमध्ये सोडवला. ओकलंडच्या डॉकमध्ये फोफो नावाचं एक जहाज कामासाठी लागलेलं, खलाशांच्या युनियनचं भांडण जहाजवाल्याशी, डॉकवाल्याशी काही नाही, पण जहाज डॉकच्या आत. बोर्डाने चार अटी घातल्या आणि त्या आजही तशाच वापरतात: प्रायमरी त्या जागेवर हजर असेल तेव्हाच पिकेटिंग, तो तिथे त्याचं नेहमीचं काम करत असला पाहिजे, तो जिथे आहे त्याच्या शक्य तितकं जवळ उभं राहायचं, आणि भांडण कुणाशी आहे ते पाटीवर स्वच्छ दिसलं पाहिजे. म्हणून मी पाटी वाचा म्हणतोय. पाटीवर फक्त तुमच्या हॉटेलचं नाव आणि "अनफेअर" असेल तर चौथी अट तिथेच मोडली. ड्रायवॉलवाले शनिवार-रविवार येत नाहीत आणि तुम्ही युनियनला तसं लेखी कळवलंय, तरी रविवारी लग्नाचे पाहुणे येताना पाट्या फिरतायत, तर पहिली अट मोडली. (कामगार तासभर जेवायला बाहेर गेले म्हणून लगेच "बघा ते इथे नाहीत" असं म्हणून चालत नाही, तेवढी गैरहजेरी बोर्ड धरत नाही.)

तिसरी अट, म्हणजे जवळ उभं राहायची, तिच्यावरच तुमचा खरा उपाय बसलाय: रिझर्व्ह्ड गेट. म्हणजे तुमच्या आवारात दोन वेगळी प्रवेशद्वारं ठरवायची, एक फक्त ड्रायवॉल कॉन्ट्रॅक्टर, त्याचे कामगार आणि त्याला माल आणून देणारे यांच्यासाठी, दुसरं बाकी सगळ्यांसाठी, पाहुणे, तुमचा स्टाफ, लाँड्री, किचनचा माल, इतर कॉन्ट्रॅक्टर्स. दोन्हीवर पाट्या लावायच्या आणि युनियनला पत्राने कळवायचं की आजपासून अशी व्यवस्था आहे. मग युनियनला कॉन्ट्रॅक्टरच्या गेटपाशीच उभं राहावं लागतं. मेन एंट्रन्सला चिकटून राहिले तर ते तुमच्यावर दबाव टाकतायत याचा तो चांगला पुरावा होतो. ही गेटची कल्पना सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या केसमध्ये उचलून धरली, फक्त तिथे उलटं होतं, भांडण कारखान्याच्या मालकाशी होतं आणि गेट बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टर्ससाठी होतं, त्यामुळे तिथली टेस्ट जास्त कडक आहे. तुमच्यासारख्या केसमध्ये मूर ड्राय डॉकच्या अटीच पुरतात.

आता पाटीचा मजकूर. फार हुशारी करू नका. "गेट नं. २. हे गेट फक्त अमुक ड्रायवॉल कंपनी, तिचे कर्मचारी आणि सप्लायर यांच्यासाठी. बाकी सर्वांनी गेट नं. १ वापरावं." आणि गेट नं. १ वर बरोबर याचं उलटं, "अमुक ड्रायवॉल कंपनी, तिचे कर्मचारी आणि सप्लायर यांना या गेटने प्रवेश नाही." कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव घाला, "कॉन्ट्रॅक्टर्स एंट्री" असं मोघम नको. गेट नं. २ कचराकुंडीमागे जिथे रस्त्यावरून माणूसच दिसत नाही अशा ठिकाणी ठेवू नका. युनियनचा मेसेज लोकांपर्यंत पोचूच नये म्हणून गेट लपवलंय असं दिसलं की बोर्डाला ते आवडत नाही.

आणि मग ते गेट पाळावं लागतं, इथेच बहुतेक लोक आपटतात. माझ्या एका क्लायंटकडे सगळं व्यवस्थित होतं, पाट्या, पत्रं, सिक्युरिटी गार्डसुद्धा. एका सकाळी ड्रायवॉलच्या शीट्सचा ट्रक आला, दोन नंबरच्या गेटला वळायला जागा नव्हती, ड्रायव्हर वैतागला, गार्डने भला विचार करून त्याला एक नंबरने आत घेतलं. पलीकडे गाडीत बसलेल्या युनियनच्या माणसाने व्हिडिओ काढला आणि दुसऱ्या दिवशी एक नंबरवर पाट्या. आमच्या भाषेत गेट टेंट झालं म्हणतात, म्हणजे बाटलं. एकदा बाटलं की युनियनला दोन्हीकडे उभं राहता येतं, आणि परत पहिल्यापासून नवी पत्रं, नव्या पाट्या, आणि आता ही व्यवस्था खरंच पाळली जातेय हे दाखवून द्यायचं. म्हणून गार्डला वही द्या, येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ, कंपनी, गेट लिहायला सांगा, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सगळ्या सप्लायर्सना त्याच्याकडूनच पत्र जाऊ दे. एवढा खटाटोप का, तर तुमच्याकडे लाँड्री आणि माल आणणारे बरेच ड्रायव्हर्स टीमस्टर्सचे, म्हणजे ट्रकवाल्यांच्या युनियनचे, असतात आणि त्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पिकेट लाइन ओलांडायची सक्ती नाही असं कलम असू शकतं. पाहुण्यांना पाटीने फारसा फरक पडत नाही, चादरी आल्या नाहीत की पडतो.

घुशीबद्दल. तिला स्कॅबी म्हणतात आणि तिच्यावर तुमचा जोर चालणार नाही, हे आत्ताच मान्य करून टाका. १९८८ च्या डीबार्टोलो केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मॉलच्या दारात ग्राहकांना पत्रकं वाटून "इथे खरेदी करू नका" म्हणणं हे न्यूट्रलच्या बाबतीतही चालतं, कारण नुसती पत्रकं म्हणजे जबरदस्ती नव्हे. २०१० ला बोर्डाने तेच एका जागी धरून ठेवलेल्या मोठ्या बॅनरला लावलं, पुढच्याच वर्षी फुगवलेल्या घुशीला. मधे बोर्डाच्या जनरल काउन्सेलने, म्हणजे मुख्य वकिलाने, हे सगळं उलटवायचा जोर लावला, पण २०२१ मध्ये लिपर्ट कंपोनंट्सच्या केसमध्ये, जिथे इंडियानात एका ट्रेड शोच्या दारात १२ फुटी घूस आणि दोन बॅनर लावले होते, बोर्डाने ते कायदेशीरच ठरवलं. फरक कुठे आहे तर माणसं फेऱ्या मारतायत का, दारासमोर एक प्रकारची भिंत तयार होतेय का, ओलांडणाऱ्याला सामोरं जावं लागतंय का. बॅनर धरून दोन माणसं कडेला उभी, हे पिकेटिंग धरत नाहीत, आणि तिथे तुमच्या हॉटेलचं नाव घेऊन "शेम" लिहिलं तरी चालतं. तुमच्याकडे मात्र पाट्या घेऊन फेऱ्याही चालू आहेत, म्हणजे ते पिकेटिंगच आहे आणि वरचे सगळे नियम लागू होतात. युनियनला हे चांगलं माहीत असतं, तुम्ही गेट लावलंत की पाट्या दोन नंबरला जातील आणि घूस बॅनरसकट एक नंबरच्या कडेला राहील. राहू द्या.

पाटीवर "एरिया स्टँडर्ड्स" असे शब्द आहेत का तेही बघा. १९५९ च्या लँड्रम-ग्रिफिन कायद्याने सेक्शन ८(बी)(७) आणलं: युनियनला मान्यता मिळवण्यासाठी किंवा कामगार संघटित करण्यासाठी पिकेटिंग करायचं तर जास्तीत जास्त ३० दिवसांच्या आत बोर्डाकडे इलेक्शनची (युनियन हवी का यावर कामगारांच्या मतदानाची) पिटिशन दाखल केली पाहिजे, नाहीतर पिकेटिंग बंद. गेल्या १२ महिन्यांत वैध इलेक्शन झालं असेल किंवा दुसऱ्या युनियनला आधीच कायदेशीर मान्यता असेल तर तेही नाही. म्हणून बांधकामातल्या युनियन काय करतात, पाटीवर लिहितात की हा कॉन्ट्रॅक्टर या भागातल्या प्रचलित पगारापेक्षा कमी देतो, आम्हाला मान्यता वगैरे काही नको. ते खरं असेल तर ३० दिवसांचं घड्याळ लागतच नाही, बोर्डाने हे १९६२ पासून मान्य केलंय, वर्षभर उभे राहू शकतात. पण पाटीवर एक आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांकडून युनियनची कार्डं भरून घेणं चालू असेल, किंवा युनियनचा बिझनेस एजंट (पदाधिकारी) कॉन्ट्रॅक्टरला म्हणाला असेल "सही कर, उद्या उठतो", तर पाटीला काही अर्थ राहत नाही. असं काही झालं तर कॉन्ट्रॅक्टरला त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवायला सांगा. कमी पगाराचा दावा खरा आहे का हेही त्याला खाजगीत विचारा, कारण युनियनने चौकशी न करता ठोकून दिलं असेल तर त्याचाही उपयोग होतो, आणि खरं असेल तर तुम्हाला आधी कळलेलं बरं.

पोलिसांचं विचारलंत. शांतपणे फुटपाथवर फिरणाऱ्यांसाठी पोलीस बोलवून काही होत नाही, उलट ते व्हिडिओत छान दिसतं. पोलीस बोलवायचे ते दार अडवलं, गाड्यांसमोर ठाण मांडलं, घोळका करून लोकांना आतच जाऊ दिलं नाही, धक्काबुक्की केली, टायरखाली खिळे टाकले, धमक्या दिल्या यासाठी. शिव्या, घोषणा, "स्कॅब" (संपफोड्या) म्हणणं हे सगळं कायद्यात बसतं, थोडं मन घट्ट करा. मोठा हिंसाचार झाला तर कोर्ट पुढचं शांत पिकेटिंगही थांबवू शकतं, १९४१ ला शिकागोच्या दूधवाल्यांच्या केसमध्ये खिडक्या फोडणं, बॉम्ब, मारहाण असं इतकं झालं होतं की सुप्रीम कोर्टाने सरसकट बंदी चालवून घेतली, पण ती पातळी फारच वरची आहे.

जागा कुणाची हे मात्र बारकाईने तपासा, प्रॉपर्टीचा सर्व्हे काढून. फुटपाथ आणि रस्त्याकडेची गवताची पट्टी बहुतेक वेळा सार्वजनिक असते. १९९२ च्या लेकमिअर केसमध्ये कनेक्टिकटच्या एका दुकानाने बाहेरच्या युनियनवाल्यांना पार्किंगमधून हाकललं आणि सुप्रीम कोर्टात जिंकलं, पण पार्किंग आणि हायवेच्या मधली ४६ फूट रुंद पट्टी जवळपास पूर्ण सार्वजनिक होती आणि युनियन तिथे उभी होतीच. खरंच तुमच्या हद्दीत असतील तर आधी शांतपणे, साक्षीदारासमोर, बाहेर जायला सांगा, मग स्टेट कोर्टात ट्रेसपासची, म्हणजे हद्दीत बेकायदा घुसल्याची, केस करता येते. १९७८ ला सीअर्सच्या केसमध्ये नेमकं हेच झालं, तिथेही सुतारांचीच युनियन होती, आणि कोर्टाने सांगितलं की नुसत्या ट्रेसपाससाठी स्टेट कोर्टात जायला हरकत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर वेगळं आहे, तिथल्या राज्याच्या कायद्याने दुकानाच्या खाजगी फुटपाथवरच्या लेबर पिकेटिंगला संरक्षण आहे आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ते कायम ठेवलंय. राज्य कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हद्दीच्या बाबतीत स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय कुणाला हात लावू नका.

स्टेबद्दल तर जवळजवळ विसराच. १९३२ च्या नॉरिस-लागार्डिया कायद्याने फेडरल कोर्टांचे लेबर डिस्प्यूटमध्ये मनाई हुकूम द्यायचे हात बांधलेत आणि बऱ्याच राज्यांत त्याच धर्तीचे कायदे आहेत. वाट बोर्डाकडूनच जाते. तुम्ही बोर्डाच्या रीजनल ऑफिसला सीसी चार्ज, म्हणजे सेकंडरी बॉयकॉटची तक्रार, भरता (मान्यतेचं प्रकरण असेल तर सीपी, धमक्या-अडवणूक असेल तर सीबी), या सेकंडरी बॉयकॉटच्या चार्जला बाकीच्या सगळ्यांच्या आधी हात घालायचा असं कायद्यातच लिहिलंय, आणि रीजनल डायरेक्टरला तथ्य वाटलं तर कायद्याच्या सेक्शन १०(एल) खाली त्याला स्वतःला फेडरल कोर्टात जाऊन मनाई मागावीच लागते, तिथे त्याला पर्याय नाही. म्हणजे तुम्हाला जे मिळत नाही ते सरकार तुमच्यासाठी मागतं, फुकट. फक्त चार्जसोबत पाटीचा फोटो, गेटची पत्रं, गार्डची वही, तारखा हे सगळं एकदम द्या. चार्ज सहा महिन्यांच्या आत भरावा लागतो, पण सहा दिवससुद्धा थांबू नका.

टाफ्ट-हार्टलीच्या सेक्शन ३०३ खाली नुकसानभरपाईचा दावाही करता येतो, प्रत्यक्ष झालेलं नुकसान मिळतं, दंडात्मक भरपाई नाही, आणि बोर्डापुढे केलेला वकिलाचा खर्च तर मिळत नाहीच, १९८२ ला सुप्रीम कोर्टाने तो मार्ग बंद केला. बॅन्क्वेटची मोठी बुकिंग कॅन्सल झाली आणि त्याचं कारण लेखी असेल तरच मी क्लायंटला हा दावा करायला सांगतो, नाहीतर माझीच फी नुकसानापेक्षा जास्त होते.

तुमच्या स्टाफला मात्र सांभाळून घ्या. बेलडेस्कवरचा कुणी ब्रेकमध्ये बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलला, पत्रक घेऊन आला, तर त्याला बोलवून झाडू नका, कॅमेरा लावून कोण कुणाशी बोलतंय ते टिपू नका, शांत पिकेटिंगचं असं शूटिंग कारण नसताना केलं तर तो तुमचाच अनफेअर लेबर प्रॅक्टिस (कामगार कायद्याचा भंग) होतो. मॅनेजरने रागाच्या भरात "युनियन आणलीत तर हॉटेल बंद करीन" म्हटलं की उद्या तुमच्या स्टाफच्या युनियनचं भांडण सुरू, मग तुम्ही न्यूट्रल राहत नाही, प्रायमरी होता, आणि वर लिहिलेलं दोन गेटचं संरक्षण तुमच्या कामाचं उरत नाही.

(कुणी हॉस्पिटलबद्दल विचारेल म्हणून: तिथे संप किंवा पिकेटिंगच्या १० दिवस आधी युनियनने लेखी नोटीस देणं सक्तीचं आहे, १९७४ पासून. रेल्वे आणि एअरलाइन्सना वेगळा कायदा आहे, सरकारी नोकरांना वेगळा, वरचं काहीही तिथे तसंच लावू नका.)

गेटचं पत्र आजच काढा, ड्रायवॉलवाल्याच्या कामाच्या वेळा त्यात घाला, युनियन लोकलच्या (स्थानिक शाखेच्या) ऑफिसला ईमेल आणि कुरियर दोन्हीने पाठवा, आणि एक प्रत बाहेर फेऱ्या मारणाऱ्यांत जो कॅप्टन असेल त्याच्या हातात द्या. पाटीवरचा नेमका मजकूर आणि राज्य कळवलंत तर पुढचं सांगतो.